हा डबा कोणत्या खात्याचा?

शेगावात औषधाचं दुकान चालवायचं तर वर्षाचं पंचांग पाठ असावं लागतं. माघात गजानन महाराजांचा प्रकटदिन, भाद्रपदात ऋषिपंचमीची पुण्यतिथी, पंढरपूरहून पालखी परत येते ते दिवस, शाळांच्या सुट्ट्या. प्रत्येक गर्दीच्या आधी मी ओआरएसची पाकिटं, क्रेप बँडेज, टाचांच्या भेगांचं मलम, ॲसिडिटीच्या गोळ्या भरून ठेवतो. रात्रभराचा रेल्वेचा प्रवास, स्टेशनाबाहेरची कचोरी आणि दर्शनाची लांब रांग, एवढं झाल्यावर माणूस दुकानात येऊन काय मागणार, हे त्यानं तोंड उघडायच्या आधी कळतं. हजारो लोकांना एकाच दिवशी काय लागेल, हे या गावातला कुठलाही केमिस्ट बिनचूक सांगेल. एका बाळाला जे लागतं, ते मात्र आमच्यापैकी कुणाच्याच कपाटात नसतं.

गेल्या उन्हाळ्यात स्टेशन ते मंदिर ऑटो चालवणारा एक तरुण दुकानात आला. हातात अकोल्याच्या बालरोगतज्ज्ञांची चिठ्ठी, मोबाइलवर डब्याचा फोटो. ‘काका, हा डबा भेटल का?’ मुलगी तीन महिन्यांची. बाळंतपणानंतर आई गंभीर आजारी पडली, बरेच दिवस दवाखान्यात राहिली, अंगावरचं दूध आटलं. बाळाला नेहमीची दुधाची पावडर सुरू केली आणि थोड्याच दिवसांत शीमध्ये रक्त दिसू लागलं. गालांवर, गुडघ्यांच्या मागे लाल चट्टे. पाजलं की उलटी. वजनाचा काटा जागचा हलेना. डॉक्टरांनी निदान केलं: गाईच्या दुधातल्या प्रथिनांची ॲलर्जी. चिठ्ठीवर डब्याचं नाव आणि खाली एक ओळ, ‘दुसरा डबा देऊ नये.’

मी त्याला थांबायला सांगून अकोल्याच्या स्टॉकिस्टला फोन लावला. उत्तर आलं, ‘शॉर्ट आहे. आला तरी पूर्ण केस घ्यावी लागेल, आणि हा माल रिटर्न होत नाही.’ खामगावात विचारलं, नव्हता. मलकापुरात विचारलं, नव्हता. मोबाइलवर घरपोच देणाऱ्या ॲपमध्ये डबा दिसत होता. ४४४२०३ हा शेगावचा पिन कोड टाकला आणि ‘या पत्त्यावर उपलब्ध नाही’ असं लाल अक्षरांत आलं. शेवटी नागपूरच्या एका व्यापारी मित्राकडे दोन डबे सापडले. रात्रीच्या गाडीनं येणाऱ्या ओळखीच्या माणसाच्या हाती ते शेगावला आले. ऑटोवाला पहाटे फलाटावर उभा होता.

यात कुणाला दोष देऊन उपयोग नाही. स्टॉकिस्टच्या जागी मी असतो तर मीही तेच बोललो असतो. आमच्या गल्ल्याशेजारी एक वही असते, तिला आम्ही शॉर्ट बुक म्हणतो. गिऱ्हाइकानं मागितलं आणि दुकानात नव्हतं, ते त्यात टिपायचं: माल, नग, कुठल्या पार्टीकडून मागवायचा. संध्याकाळी तिच्यावरून ऑर्डर जाते. एखादी गोळी आठवड्यात पाच वेळा वहीत आली की ती कपाटात जागा मिळवते. हा डबा वहीत वर्षाकाठी एखाद्या वेळेस येतो. पूर्ण केस मागवावी तर एक बाळ बरं होईल किंवा गाव सोडेल, उरलेल्या डब्यांची मुदत संपेल आणि ते पैसे माझ्या खिशातून जातील. म्हणून मी मागवत नाही. मी मागवत नाही म्हणून स्टॉकिस्ट ठेवत नाही. गावात मिळतच नाही हे माहीत असल्यानं डॉक्टरही लिहायला कचरतात आणि दुसऱ्या कशावर भागतंय का ते बघतात. डॉक्टर लिहीत नाहीत म्हणून कंपनीच्या कागदावर बुलढाणा जिल्ह्याची मागणी शून्य दिसते. या चक्रातला प्रत्येक जण आपापल्या हिशेबानं शहाणाच वागतो आणि बाळ उपाशी राहतं.

आता हा डबा आहे तरी काय, ते सांगतो, कारण त्याबद्दल गैरसमज फार आहेत. काही बाळांचं शरीर दुधातल्या प्रथिनांना शत्रू समजतं आणि त्यांच्यावर तुटून पडतं. त्यातून आतड्याला सूज, रक्त, पुरळ, उलट्या; क्वचित श्वास कोंडण्यापर्यंत मजल जाते. पाश्चात्त्य देशांत शंभरातल्या दोन-तीन बाळांना हा त्रास होतो, असं तिथले अभ्यास सांगतात. त्यावरचं दूध दोन प्रकारचं. एकात गाईच्या दुधातली प्रथिनं विकरांनी इतकी बारीक तोडलेली असतात की बहुतेक बाळांच्या शरीराला ती ओळखू येत नाहीत. ज्यांना तेही सोसत नाही किंवा ज्यांचा आजार तीव्र असतो, त्यांच्यासाठी दुसरा प्रकार: प्रथिनं नाहीतच, त्यांच्याऐवजी सुटी अमिनो आम्लं. पहिला महाग, दुसरा त्याहून महाग.

दुकानात सगळ्यात मोठा घोळ होतो तो लॅक्टोजच्या डब्यावरून. ‘बाळाला दूध पचत नाही’ म्हटलं की काउंटरवरचा पोरगा लॅक्टोज-फ्री डबा पुढे करतो. लॅक्टोज ही दुधातली साखर. ती पचत नसेल तर त्या डब्याचा उपयोग होतो. पण त्यातली प्रथिनं बहुतेक वेळा गाईच्या दुधाचीच असतात. ॲलर्जी असलेल्या बाळाला तो दिला, तर आई-बापाला वाटतं आपण इलाज करतोय, आणि रक्त तसंच पडत राहतं.

ऑटोवाल्याच्या आईनं मला सरळ विचारलं, ‘आमच्या वक्ती बकरीच्या दुधावर लेकरं जगली, भाऊ. तुमी काहून अडवता?’ प्रश्न रास्त होता. उत्तर असं की बकरीच्या आणि म्हशीच्या दुधातली प्रथिनं गाईच्या दुधातल्या प्रथिनांशी इतकी मिळतीजुळती असतात, की ज्या बाळांना गाईचं दूध बाधतं, त्यांतल्या बहुतेकांना तीही बाधतात. गाढविणीचं दूध विकणारे अजूनही आमच्याकडे गल्लोगल्ली हाळी देत फिरतात. ते कमी बाधतं हे खरं, पण त्यात स्निग्धांश इतका कमी, की त्याच्यावर बाळ वाढत नाही. साबुदाण्याची खळ, तांदळाची पेज यांनी पोट भरतं आणि प्रथिनांअभावी अंगावर सूज चढते. माळकरी घरातल्या त्या आजीला मी आणखी एक गोष्ट सांगितली नाही. दवाखान्यात दीर्घ अतिसार झालेल्या बाळांसाठी सरकारी मार्गदर्शक सूचनांत शिजवून वाटलेली कोंबडी, ग्लुकोज आणि तेल असाही एक आहार आहे. तो डॉक्टरांच्या नजरेखाली द्यायचा असतो, आणि त्या घरात तो शब्द काढायचं धाडस मला झालं नाही.

आता हिशेब. पाच किलोच्या बाळाला किलोमागे दीडशे मिलि या मापानं दिवसाला साडेसातशे मिलि दूध लागतं. शंभर मिलिला साधारण चौदा ग्रॅम पावडर धरली तर दिवसाला शंभरावर ग्रॅम. डबा असतो चारशे ग्रॅमचा. म्हणजे एक डबा चार दिवसही पुरत नाही. महिन्याला आठ डबे, आणि बाळ वाढेल तसे आणखी. अमिनो आम्लांचा एक डबा हजारांच्या घरात जातो. ऑटो चालवणाऱ्या, हॉटेलात कपबशा विसळणाऱ्या, सोयाबीन सोंगायला जाणाऱ्या माणसाची महिन्याची सगळी कमाई एका बाळाच्या बाटलीत घातली तरी पुरत नाही.

मग घरोघरी जे होतं, ते होतं. मापाचा एक चमचा कमी पडतो. डब्यावर लिहिलेलं असतं इतक्या पाण्याला इतके चमचे. आई पाणी तेवढंच ठेवते आणि पावडर कमी टाकते. डबा चार दिवसांऐवजी सहा दिवस जातो. पातळ दुधानं बाळाचं वजन घटतं, हा त्यातला साधा धोका. पाणी फार जास्त झालं तर लहान बाळाच्या रक्तातलं सोडियम उतरतं आणि झटके येऊ शकतात, हा मोठा. डबा देताना मी आता हे तोंडानं सांगतो आणि चमचा मोजून दाखवतो. पण पुढचा डबा कधी येईल ते सांगता येत नसेल, तर त्या मोजून दाखवण्याला किती अर्थ उरतो?

सरकारच्या लेखी हा डबा औषध नाही, अन्न आहे. तो अन्नसुरक्षा कायद्याखाली येतो. म्हणून अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत तो नाही आणि जनऔषधी केंद्रातही मिळत नाही. महात्मा फुले जन आरोग्य योजना दवाखान्यात भरती होऊन घेतलेल्या उपचारांसाठी आहे. घरी बाटलीतून पाजायच्या दुधाला तिच्यात जागा नाही. बरं, अन्न आहे म्हणून पोषणाच्या योजनेत बसतो का? अंगणवाडीचा घरी न्यायचा आहार सहा महिन्यांनंतर सुरू होतो. तीव्र कुपोषित बाळ पोषण पुनर्वसन केंद्रात दाखल झालं, तर त्याला आधी एफ-७५ आणि मग एफ-१०० देतात, आणि ही दोन्ही दुधापासूनच बनतात. दुधाच्या ॲलर्जीनं कुपोषित झालेल्या बाळाला दूधच पाजायचं, असा प्रकार. आरोग्य खात्याला हा डबा अन्न वाटतो, पोषणवाल्यांना तो औषध वाटतो.

कुणी म्हणेल, शेगावसारख्या गावात दाते कमी आहेत का? इथे रोज हजारोंच्या पंगती उठतात; एका बाळाचे डबे कुणीही पुरवेल. खरं आहे, माझ्याच दुकानात दोघांनी विचारलं. पण बालकांच्या दूध पर्यायांबाबतचा आपला १९९२ चा कायदा, जो २००३ मध्ये आणखी कडक झाला, असे डबे दान म्हणून वाटायला बंदी घालतो. अनाथालयाचा अपवाद आहे. या कायद्यानं जाहिरात नाही, नमुने नाहीत, भेटवस्तू नाहीत. माझ्या दुकानात या डब्यांचं पोस्टर लावता येत नाही, आणि ते बरोबरच आहे. १९७० च्या दशकात गरीब देशांत पावडर कंपन्यांनी दवाखान्यात घुसून आयांना बाटलीची सवय लावली, त्यातून गलिच्छ पाण्यानं बाळं दगावली, जगभर बहिष्कार झाले आणि १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं आचारसंहिता आणली. आपला कायदा त्या धड्यातून आला. तो सैल करा, असं मी म्हणत नाही. पण त्याच कायद्यात एक दार उघडं ठेवलेलं आहे: जिला अंगावर पाजणं शक्य नाही आणि विकत घेण्याची ऐपत नाही, अशा आईला आरोग्य संस्था पर्यायी दूध देऊ शकते. व्यक्तीला जे करता येत नाही, ते सरकारी रुग्णालयाला करता येतं. म्हणजे कायद्यानं ही जबाबदारी नेमकी ज्याच्याकडे ठेवली, त्याच्याकडेच ती रिकामी पडून आहे.

याहून महत्त्वाची एक गोष्ट माझ्या पाहण्यात आली. केंद्र सरकारनं मार्च २०२१ मध्ये दुर्मिळ आजारांचं राष्ट्रीय धोरण जाहीर केलं. त्यात आजारांचे गट पाडले आहेत. दुसऱ्या गटात, विशेष आहारावर सांभाळता येणाऱ्या आजारांच्या यादीत, फिनाइलकिटोन्युरिया आणि गॅलॅक्टोसेमिया अशा जिभेला पीळ पाडणाऱ्या नावांच्या शेवटी एक नाव आहे: अन्नातील प्रथिनांची तीव्र ॲलर्जी. आपल्या ऑटोवाल्याच्या मुलीसारख्या बाळांची तीव्र केस त्यात बसू शकते. २०२२ मध्ये या धोरणाखालची मदत पन्नास लाख रुपयांपर्यंत वाढवली. २०२३ च्या एप्रिलपासून यादीतल्या आजारांसाठी वैयक्तिक वापराकरिता आणलेल्या औषधांवरचं आणि विशेष वैद्यकीय आहारावरचं मूळ सीमाशुल्कही माफ केलं. त्यासाठी लागणारा दाखला जिल्हा शल्यचिकित्सकही देऊ शकतात.

कागदावर हे उत्तम आहे. आता ते शेगावच्या रेल्वे फलाटावरून बघा. मदत मिळते ती सरकारनं नेमलेल्या उत्कृष्टता केंद्रातून; महाराष्ट्रातलं ते केंद्र मुंबईत, परळच्या केईएम रुग्णालयात. शेगावहून मुंबई साडेपाचशे किलोमीटर. तीन महिन्यांचं आजारी बाळ आणि अंथरुणाला खिळलेली बाई घेऊन, ऑटोचे हप्ते थकवून, तिथे जायचं, तपासण्या करायच्या, अर्ज करायचा, मंजुरीची वाट पाहायची. आणि बाळाला दूध लागतं ते दर तीन तासांनी. सीमाशुल्काची माफी मिळवायची तर आधी कुणीतरी डबा परदेशातून स्वतःच्या नावावर मागवला पाहिजे. आमच्या तालुक्यातला कोणता बाप तो मागवणार?

हे दुखणं आपल्या एकट्याच्या देशाचं नाही. २०२२ च्या फेब्रुवारीत अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या स्टर्जिस गावचा दूध पावडरीचा एक मोठा कारखाना जंतुसंसर्गाच्या संशयावरून बंद पडला. ॲलर्जीच्या बाळांसाठीची पावडरही तिथेच बनायची. दुकानांच्या फळ्या रिकाम्या झाल्या. तेव्हा २२ मे रोजी जर्मनीतल्या रामस्टाइन तळावरून लष्कराचं विमान निघून इंडियानापोलिसला उतरलं. त्यात सुमारे ७८ हजार पौंड, म्हणजे पस्तीस टनांच्या आसपास माल होता, आणि तो सगळा दुधाची ॲलर्जी असलेल्या बाळांसाठीचा. सरकारनं आधी साधी पावडर आणली नाही. साधी पावडर न मिळणारी आई दुसऱ्या कंपनीची घेऊ शकते, या बाळांना दुसरं काही चालतच नाही, एवढा विचार त्यामागे होता. आपल्याकडे विमान पाठवा असं कोण म्हणतंय? अकोल्याहून शेगावला एक एसटी पुरे.

उलट बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर माझ्यावर दुकानदार म्हणून शंका घेतली जाईल. इंग्लंडमध्ये मुलांना हे दूध डॉक्टरांच्या चिठ्ठीवर फुकट मिळतं. तिथे २००६ ते २०१६ या दहा वर्षांत अशा चिठ्ठ्या वर्षाला १ लाख ५ हजारांवरून सहा लाखांच्या पुढे गेल्या. २०१८ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये ख्रिस व्हॅन टुलेकेन या डॉक्टरनं त्यावर झोड उठवली: ॲलर्जी एवढी वाढलेली नाही, निदान सैल झालंय, आणि त्यामागे कंपन्यांचा पैसा आहे. हा इशारा आपल्यालाही लागू आहे. बाळ रडतं, दूध टाकतं, त्याच्या अंगावर पुरळ उठतं. हे सगळं ॲलर्जीशिवायही होतं. उद्या डबा फुकट झाला, तर प्रत्येक रडणाऱ्या बाळाच्या चिठ्ठीवर तो येऊ शकतो.

याचा इलाज निदान पक्कं करण्यात आहे, आणि ते करायला यंत्र लागत नाही. भारतातल्या बाल पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेनं २०२० मध्ये या आजाराच्या मार्गदर्शक सूचना दिल्या आहेत. दूध पूर्ण बंद करून दोन ते चार आठवडे पाहायचं. लक्षणं गेली, तर डॉक्टरांच्या नजरेखाली थोडं दूध परत देऊन पाहायचं. लक्षणं परत आली, तर निदान खरं. आई अंगावर पाजत असेल तर ते मुळीच थांबवायचं नाही. आईनं स्वतःच्या जेवणातून दूध काढायचं. वऱ्हाडातल्या बाळंतिणीला हे सांगणं सोपं नाही. चहा, ताक, दही, खवा, प्रसादाचा पेढा, दुधाची पावडर घातलेली बिस्किटं, सगळं बंद. आणि तिला कॅल्शियमची गोळी सुरू. पण बहुतेक अंगावर पिणारी बाळं तेवढ्यानं सावरतात आणि त्यांना डबा लागतच नाही. डबा उरतो तो आईचं दूध नसलेल्या बाळांसाठी. अशी बाळं जिल्ह्यात मूठभर. तीही आयुष्यभराची गिऱ्हाइकं नव्हेत; बहुतेक मुलं तीन वर्षांची होईस्तोवर दूध सहज पचवू लागतात.

मूठभर आहेत, हाच त्यांचा गुन्हा. २०२४ च्या डिसेंबरअखेर आमच्या तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा या गावांत लोकांचे केस अचानक गळू लागले. बातमी झाली, आरोग्य पथकं आली, पाण्याचे नमुने गेले, आयसीएमआरचे शास्त्रज्ञ गावात उतरले. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी गव्हातल्या सेलेनियमकडे बोट दाखवलं. यंत्रणा शेगावच्या शेवटच्या खेड्यापर्यंत पोहोचू शकते, हे तेव्हा आम्ही डोळ्यांनी पाहिलं. गावच्या गाव एकदम आजारी पडलं की यंत्रणेला दिसतं. दुधाची ॲलर्जी अशी येत नाही. आज शेगावात एक, दोन महिन्यांनी नांदुऱ्यात एक, पुढच्या वर्षी मेहकरात एक. साथ होत नाही, मोर्चा निघत नाही, बातमी लागत नाही.

ही मागणी विखुरलेली असल्यानं बाजार ती कधीच भागवणार नाही, हे मी बाजारात बसून सांगतो. तिला साठा लागतो, आणि साठ्याचा तोटा सोसायची तयारी असलेला मालक. तो सरकारशिवाय दुसरा कुणी नाही. माझं म्हणणं एवढंच, की दोन्ही प्रकारच्या डब्यांचा छोटा साठा बुलढाण्याच्या जिल्हा रुग्णालयात आणि अकोल्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात कायम असावा. खरेदी राज्याच्या वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरणानं एकदम करावी. एकेका दुकानदाराला जी केस परवडत नाही, ती छत्तीस जिल्ह्यांना मिळून सहज परवडते. मुदत जवळ आलेले डबे बुलढाण्यातून वाशीमला, वाशीमहून अमरावतीला फिरवावेत. सरकारी औषधसाठा ई-औषधी प्रणालीवर आधीच दिसतो. त्यात एक ओळ वाढवायची. मे महिन्यात आमच्याकडे पारा पंचेचाळिशीला टेकतो आणि हे डबे ट्रकच्या हौद्यात तापत येतात; सरकारी भांडारात निदान थंड जागा असते.

डबा कुणाला द्यायचा, यावर कडक नियम हवेत. बालरोगतज्ज्ञाची चिठ्ठी, दूध बंद करून आणि परत देऊन पाहिल्याची नोंद, तीन महिन्यांनी फेरतपासणी. पण पहिल्या दोन आठवड्यांचे डबे लगेच मिळाले पाहिजेत, कारण निदानाची परीक्षा घ्यायलाही आधी डबाच लागतो. तीव्र केस असेल तर केईएमचा अर्ज जिल्हा रुग्णालयानं भरावा, तिथल्या डॉक्टरांशी ई-संजीवनीवरून बोलावं, आणि मंजुरी येईपर्यंत बाळाचं दूध जिल्ह्याच्या साठ्यातून चालू ठेवावं. खर्च जिल्हा नियोजन समितीच्या निधीतून भागेल. मूठभर बाळांचे वर्षभराचे डबे म्हणजे एखाद्या रस्त्याच्या डांबरीकरणातलं थोडंसं अंतर. आणि शेगावच्या सईबाई मोटे उपजिल्हा रुग्णालयासारख्या ठिकाणी तो डबा बुलढाण्याहून पोहोचवायची जबाबदारी कुणाच्या तरी नावावर लिहिलेली असावी, म्हणजे बापाला ऑटो सोडून साठ-सत्तर किलोमीटर धावावं लागणार नाही.

ऑटोवाल्याची मुलगी आता सुधारली आहे. सहा महिने झाल्यावर डॉक्टरांनी सोयाची पावडर देऊन पाहिली. ॲलर्जीच्या काही बाळांना सोयाही बाधतो, हिला सोसला. तो डबा माझ्याकडे कायम असतो, शॉर्ट बुकात लिहावा लागत नाही. ज्या जिल्ह्यात शिवारभर सोयाबीन पेरतात आणि भाव पडला म्हणून रडतात, तिथल्या मुलीला सोयाच्या डब्यानं हात दिला, यावर तो बाप हसला. पण त्या आधीचे महिने तिनं नागपूरच्या ओळखीवर काढले, आणि ज्याची नागपुरात ओळख नाही त्याचं काय, याचं उत्तर माझ्याजवळ नाही.

जिल्हा शल्यचिकित्सकांच्या सहीनं परदेशातून येणाऱ्या डब्यावरचं सीमाशुल्क माफ होतं, इतकी किंमत सरकारनं त्या सहीला दिलेली आहे. तीच सही दाखवून बुलढाण्याच्या भांडारातून डबा मिळेल, असा एक आदेश आरोग्य खात्यानं काढावा. नवा कायदा लागत नाही, नवी योजना लागत नाही. आजार केंद्राच्या यादीत आहे, वाटपाची मुभा १९९२ च्या कायद्यात आहे, खरेदीचं प्राधिकरण राज्यात आहे. राहिला फक्त साठा, आणि तो ठेवायचा की नाही हे ठरवणारे अधिकारी व लोकप्रतिनिधी दर प्रकटदिनाला शेगावात दर्शनाला येतातच. यंदा आले की त्यांनी मंदिरातून निघाल्यावर गावातल्या कुठल्याही मेडिकलवर थांबून हा डबा मागून पाहावा.